पहिले पाच दिवस

दिवाळीनंतर आमच्या सल्ला केंद्रावर एक मुलगी आली. तिला इथे सुनीता म्हणू. लग्नाला आठ वर्षं झालेली, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जाडजूड फाईल. केंद्रावर येणाऱ्या बाईची तक्रार बहुतेक वेळा नवऱ्याबद्दल नाही तर सासरच्या माणसांबद्दल असते. सुनीताची तशी नव्हती. टेस्ट ट्यूब बेबीचा, म्हणजे आयव्हीएफचा, तिचा दुसरा प्रयत्न फसला होता. सासऱ्यांनी जमिनीचा तुकडा विकून पैसे उभे केले होते. ती म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हणतात तुमच्या पोटात धरलं नाही. घरी पण सगळे तेच म्हणतात. पण पोटात सोडायच्या आधी पाच दिवस ते तिकडेच होतं ना? तिकडे त्याचं काय झालं, ते कुणीच सांगत नाही."

मला उत्तर येत नव्हतं. तीस वर्षं स्त्रियांच्या आरोग्यावर शिबिरं घेतली, पाळीपासून गर्भाशयाच्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळं बोलले, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता. पुढच्या आठवड्यात मी तिच्याबरोबर दवाखान्यात गेले. संमतीपत्र चौदा पानांचं, इंग्रजीत, प्रत्येक पानावर सुनीताची मराठीत सही. पैसे परत मिळणार नाहीत हे तीन ठिकाणी लिहिलेलं. प्रयोगशाळेत काय होणार यावर एक ओळ. मी डॉक्टरांना विचारलं, भ्रूण पाच दिवस ज्या द्रावणात ठेवता ते कुठलं, त्यात काय असतं? ते हसले. म्हणाले, "मॅडम, हॉटेलात गेल्यावर डाळीला कुठल्या तेलाची फोडणी दिली ते विचारता का?" (मी विचारते. पण ते असो.)

त्या हसण्याने मी वाचायला बसले. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते आहे.

बाईच्या शरीरातून काढलेलं बीज आणि पुरुषबीज काचेच्या, आता प्लॅस्टिकच्या, ताटलीत एकत्र करतात. फलन झालं की तो भ्रूण द्रावणाच्या एका थेंबात ठेवतात. थेंबावर तेलाचा थर असतो, थेंब वाळू नये म्हणून. ताटली उबवणीपेटीत जाते. पेटीत ३७ अंश उष्णता, पाच-सहा टक्के कार्बन डाय ऑक्साईड. तीन दिवस, हल्ली बहुधा पाच दिवस, भ्रूण तिथेच वाढतो. या द्रावणाला संवर्धन माध्यम म्हणतात, प्रयोगशाळेतली माणसं नुसतं 'मीडिया' म्हणतात. त्यात क्षार असतात, पायरुव्हेट, लॅक्टेट आणि ग्लुकोज असतं, अमिनो आम्लं असतात, बहुधा माणसाच्या रक्तातून काढलेलं अल्ब्युमिन असतं. आईच्या गर्भनलिकेत जे पाझरतं त्याची ही नक्कल. पण नलिकेतला स्राव दिवसागणिक, जागेगणिक बदलतो. बाटलीतलं द्रावण तसं बदलत नाही. फार तर तिसऱ्या दिवशी दुसऱ्या बाटलीतलं घालतात.

हवेचंच घ्या. गर्भनलिकेत आणि गर्भाशयात प्राणवायूचं प्रमाण फार कमी, दोन ते आठ टक्के. बाहेरच्या हवेत ते एकवीस टक्के. साध्या पेटीत भ्रूण त्या एकवीसच्या आसपासच्या प्राणवायूत वाढतो. पाच टक्क्यांवर आणायचं तर नायट्रोजन सोडणारी पेटी हवी, सिलिंडर हवेत, म्हणजे खर्च आला. २०१२ साली कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. त्यांचा अंदाज असा की जिथे शंभरातल्या तीस जणींना मूल होतं, तिथे प्राणवायू कमी ठेवला तर बत्तीस ते बेचाळीस जणींना होईल. हा फरक लहान नाही. आपली पेटी कुठली, हे सुनीताला कुणी सांगितलं नव्हतं. 'पोटात धरलं नाही' एवढं मात्र लगेच सांगितलं.

आता बाटलीबद्दल. हॉलंडमधल्या मास्त्रिख्त शहरातल्या रुग्णालयात २००३ ते २००६ या काळात दोन कंपन्यांची माध्यमं आळीपाळीने वापरली गेली. २०१० साली त्यांनी निकाल छापला. एकेकट्या जन्मलेल्या बाळांच्या वजनात सरासरी २४५ ग्रॅमचा फरक निघाला. एका माध्यमातली बाळं ३४५३ ग्रॅमची, दुसऱ्यातली ३२०८ ची. पुढे अधिक बाळं मोजली तेव्हा फरक कमी झाला, पण राहिला. त्या मुलांचा पाठपुरावा केला तर वयाच्या दोन वर्षांपर्यंत वजनातला फरक दिसत होता, आणि २०१८ साली नवव्या वर्षीही तो सापडला. दुसऱ्या काही दवाखान्यांनी असंच पाहिलं तेव्हा त्यांना फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. म्हणून हॉलंडमध्येच अनेक दवाखान्यांनी मिळून, चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून, ८३६ जोडप्यांची चाचणी घेतली. २०१६ साली तिचा निकाल आला. एका माध्यमातल्या बाळांचं वजन दुसऱ्यापेक्षा १५८ ग्रॅमनी कमी. गंमत म्हणजे ज्या माध्यमात बाळं हलकी झाली, त्यातच गर्भ राहण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणजे दवाखान्याच्या जाहिरातीत जो आकडा झळकतो तो ज्या बाटलीने वाढतो, तीच बाटली बाळाचं वजन घटवू शकते. यातलं काय पत्करायचं हे कुणी ठरवायचं? आज ते खरेदी विभाग ठरवतो.

दीडशे-दोनशे ग्रॅमने काय होतं, असं कुणी म्हणेल. साडेतीन किलोच्या डच बाळाला कदाचित काही होत नसेल. पण आपल्याकडचा हिशेब वेगळा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आयांचा आणि मुलांचा अभ्यास करत आहेत. तिथल्या नवजात बाळाचं सरासरी वजन २.७ किलो भरलं. अडीच किलोच्या खाली बाळ कमी वजनाचं धरतात. २.७ मधून दोनशे पंचेचाळीस ग्रॅम वजा करून पाहा. इथे तसं होतंच असं मी म्हणत नाही, डच बाळांचा आकडा इथे उचलून लावता येत नाही. पण इथल्या बाळांपाशी घालवायला वजन शिल्लक नाही, एवढं मला दिसतं. याज्ञिकांच्या अभ्यासाने आणखी एक दाखवलं, ही हलकी बाळं दिसायला बारीक पण अंगात चरबी राखून असतात, आणि पुढच्या मधुमेहाची मुळं पोटातच रुजतात.

मुंबईतला एक प्रयोग याच्या शेजारी ठेवण्यासारखा आहे. तिथल्या झोपडवस्त्यांतल्या बायकांना गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळं आणि दुधाचा खाऊ दिला. साडेसहा हजार बायका त्यात होत्या. २०१४ साली निकाल छापला गेला. सरसकट सगळ्यांत वजनाचा ठाम फरक दिसला नाही. ज्या बायकांनी दिवस राहण्याआधी तीन महिने तरी तो खाऊ खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी जड निघाली. एवढ्या बायका, एवढी वर्षं, रोजची मेहनत, आणि ४८ ग्रॅम. आणि तिकडे नुसती बाटली बदलली तर दीडशे.

आईवर किती पहारा असतो ते आपण सगळ्या जाणतो. पपई खाल्ली का, ग्रहणात बाहेर गेली का, जिना चढली का, रडली का. बाळ हलकं झालं की आईने नीट खाल्लं नाही, मतिमंद झालं की आईच्या मनात काहीतरी होतं. विज्ञानाची भाषा आली तरी बोट तिथेच, आईचा आहार, आईचा ताण, आईचं वय. मग पहिले पाच दिवस, जेव्हा एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत शंभरएक पेशी होतात, तेव्हा बाई तिथे नसतेच. ती घरी असते, इंजेक्शनांनी सुजलेलं पोट धरून. त्या पाच दिवसांची जबाबदारी कुणाची, हे कुठल्याच कागदावर नाही. निकाल वाईट आला की बोट परत तिच्या पोटाकडे.

हे धोके आज कळलेत असंही नाही. १९५८ साली ॲन मॅकलॅरेन या ब्रिटिश शास्त्रज्ञ बाईने जॉन बिगर्स यांच्याबरोबर उंदराचे भ्रूण प्रयोगशाळेत वाढवून उंदरीच्या पोटात घातले आणि पिल्लं जन्मली. तेव्हापासून द्रावणाच्या पाककृतींवर काम चालू आहे. गायी-मेंढ्यांत असे भ्रूण रक्तद्रव घातलेल्या माध्यमात वाढवले तर वासरं, कोकरं अवाढव्य होऊन जन्मतात आणि मरतात, हे १९९० च्या दशकात पुरेसं माहीत होतं. २००० साली अमेरिकेतल्या प्रयोगात उंदराचे भ्रूण दोन वेगळ्या माध्यमांत ठेवले. एका माध्यमात वडिलांकडून आलेलं एक जनुक, जे गप्प असायला हवं, ते बोलू लागलं. दुसऱ्यात तसं झालं नाही. जनुक तेच, पण त्याच्यावरची खूण पुसली गेली. यालाच जनुकावरचे ठसे म्हणतात. माणसांत २००३ साली तीन देशांतल्या डॉक्टरांनी दाखवलं की बेकविथ-वीडमन नावाचा एक आजार, ज्यात बाळ आकाराने मोठं आणि जीभ मोठी असते, तो आयव्हीएफने जन्मलेल्या मुलांत अपेक्षेपेक्षा काही पटींनी अधिक आढळतो. आजार मुळातच अतिशय विरळ, त्यामुळे काही पटी वाढूनही हजारो बाळांत एखादंच. शिवाय दोष माध्यमाचा की इंजेक्शनांचा की मूल न होण्यामागच्या मूळ कारणाचा, हे अजून वेगळं काढता आलेलं नाही.

वाचणाऱ्या एखादीच्या घरात असं मूल असेल तर तिने घाबरू नये. बहुसंख्य मुलं धडधाकट आहेत. पहिली ती मुलगी १९७८ साली इंग्लंडमध्ये जन्मली, मुंबईत केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. आनंद कुमार यांच्या हातून १९८६ साली जन्मली, त्या दोघी पुढे स्वतः आया झाल्या. आणि आपल्याकडे बाळं हलकी होण्याचं मोठं कारण माध्यम नाहीच, एका वेळी दोन-तीन भ्रूण सोडून जुळी-तिळी होऊ देणं हे आहे. तो वेगळा लेख.

माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. बहुतेक दवाखाने आता माध्यम स्वतः बनवत नाहीत, बहुराष्ट्रीय कंपन्यांकडून विकत घेतात. बाटलीत काय काय आहे त्याची यादी मिळते, किती आहे ते धंद्याचं गुपित. वर सांगितलेले बिगर्स, ज्यांचं आयुष्य या पाककृती शोधण्यात गेलं, त्यांनी २००० साली लिहिलं की हे गुपित नीतीला धरून नाही. २०१६ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी पुन्हा तीच मागणी केली. माध्यमांची तुलना करणाऱ्या ३२ चाचण्या कॉक्रेनने २०१५ साली तपासल्या आणि कुठलं माध्यम चांगलं ते सांगता येत नाही असा निष्कर्ष काढला. का सांगता येत नाही? बारा चाचण्यांत बायकांची विभागणीच केलेली नव्हती, बीजं आणि भ्रूण वाटून घेतले होते. जिवंत बाळ जन्मलं का, याचा हिशेब मोजक्याच चाचण्यांनी दिला. चाचणीला पैसा कुणी पुरवला ते बहुतेकींनी सांगितलेलं नाही. शंभर भ्रूण मोजले, ज्यांच्या शरीरातून आले त्या बायका मोजल्या नाहीत! हा वाक्प्रचार नाही, चाचणीची रचनाच तशी होती.

डिसेंबर २०२३ मध्ये एका अमेरिकी कंपनीने आपल्या माध्यमाचे तीन लॉट परत मागवले. त्यात मॅग्नेशियम नव्हतं आणि त्यामुळे आमचे भ्रूण वाढायचे थांबले, असं सांगत तिथल्या जोडप्यांनी कोर्टात दावे लावले. दावा लावता आला कारण कुठल्या बाईचा भ्रूण कुठल्या लॉटमध्ये होता ते शोधता आलं. सुनीताच्या फाईलमध्ये पट्टीच्या, सुईच्या, सलाईनच्या किमतीसुद्धा आहेत. माध्यमाचं नाव नाही, लॉट नंबर नाही.

स्टेम सेल्सची, म्हणजे मूलपेशींची, कहाणी याच ताटलीतून पुढे सुरू होते. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या केल्या. त्या उंदराच्या पेशींच्या थरावर आणि वासराच्या रक्तद्रवात वाढवल्या होत्या. २००५ साली कळलं की अशा पेशींच्या अंगावर प्राण्याकडून आलेली एक शर्करा चिकटते, आणि तिच्याविरुद्ध लढणारी प्रतिपिंडं माणसाच्या रक्तात असतात. म्हणजे ज्या पेशींनी रोगी बरा करायचा, त्यांनाच रोग्याचं शरीर परकं मानणार. शिवाय महिनोन्महिने ताटलीत वाढताना ज्या पेशी झपाट्याने वाढतात त्याच उरतात, आणि त्यांच्या १२, १७ किंवा २० क्रमांकाच्या गुणसूत्रांत जादा तुकडे सापडतात. आपल्या दृष्टीने एक गोष्ट विशेष. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रं असतात, त्यातलं एक शरीर गप्प ठेवतं. ताटलीतल्या स्त्रीपेशींत ही व्यवस्था ढासळते, गप्प असलेलं हळूहळू जागं होतं. २०१० साली दिसलं की पेशी पहिल्यापासून पाच टक्के प्राणवायूत वाढवल्या तर दोन्ही एक्स भ्रूणातल्यासारखे जागे राहतात, हवेतल्या प्राणवायूत नाही. स्त्रीच्या पेशीला हवा मानवत नाही हे कळायला बारा वर्षं लागली, तोवर जगभर त्याच पेशींवर निष्कर्ष निघत होते.

या पेशी कुणाच्या? २००१ साली अमेरिकी सरकारने ज्या मूलपेशींवर संशोधनाला पैसा देता येईल त्यांची यादी केली, तिच्यात मुंबईतल्या एका खाजगी कंपनीच्या सात आणि बंगळूरच्या एका संस्थेच्या तीन वंशावळी होत्या. त्या भ्रूणांमागे इथल्याच बायका असणार. कागदावर त्या भ्रूणांना 'उरलेले' म्हणतात. ज्या बाईने रोज इंजेक्शनं टोचून घेतली तिला विचारा, त्यातलं उरलेलं कुठलं.

इथे मला आपल्याच चळवळीला दोन शब्द बोलायचे आहेत. नेट-एन इंजेक्शनाच्या चाचणीत बायकांना ही चाचणी आहे हेच सांगितलं नव्हतं, म्हणून १९८६ साली हैदराबादची स्त्रीशक्ती संघटना आणि दिल्लीची सहेली वगैरे गट सर्वोच्च न्यायालयात गेले. गर्भलिंगचाचणीविरुद्ध आपण रस्त्यावर आलो आणि १९८८ साली महाराष्ट्रात कायदा झाला. पण टेस्ट ट्यूब बेबीबद्दल आपण काय म्हणालो? श्रीमंतांचे चोचले म्हणालो. मूल दत्तक घ्या म्हणालो. मातृत्वाची सक्ती नाकारा म्हणालो, आणि ते बरोबरच होतं, पण वांझ म्हणून हिणवल्या जाणाऱ्या बाईने ते ऐकून आपल्याकडे पाठ फिरवली आणि ती थेट दवाखान्यात गेली, एकटी. मीही एका शिबिरात असं बोलले आहे. समोर एक बाई रडत उठून गेली होती. ती पुन्हा आली नाही.

आणखी एक सावधगिरी. भ्रूणाला इजा, भ्रूणाचं हित, ही भाषा उचलायला दुसरे टपलेले आहेत. गर्भपाताच्या हक्काविरुद्ध जगभर तीच भाषा वापरतात. आपला मुद्दा भ्रूणाच्या हक्काचा नाही. आपल्या शरीरातून निघालेल्या आणि आपल्या शरीरात परत जाणाऱ्या गोष्टीचं काय केलं, हे कळण्याचा बाईचा हक्क, एवढाच आहे.

२०२१ साली आयव्हीएफचा कायदा आला. बीजदान आयुष्यात एकदाच, सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत, दवाखान्यांची नोंदणी, लेखी संमती, असं बरंच काही त्यात आहे. ती लेखी संमती मराठीत मागा. माध्यमाचं नाव, लॉट नंबर, भ्रूण किती दिवस ठेवला, पेटीतला प्राणवायू किती, हे बाईच्या हातातल्या कागदावर लिहून मागा. राष्ट्रीय नोंदवहीत दवाखान्यांनी हेच भरावं आणि जन्मलेल्या बाळाचं वजन त्याच्या शेजारी लिहावं, अशी मागणी जिल्ह्याजिल्ह्यातल्या गटांनी करायला हवी. डच रुग्णालयाला जे दिसलं ते केवळ लिहून ठेवल्यामुळे दिसलं.

दुसऱ्यांदा आम्ही त्या दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर भेटले नाहीत. प्रयोगशाळेतली एम्ब्रियॉलॉजिस्ट बाहेर आली, पंचवीस-सव्वीस वर्षांची मुलगी. ताटल्या भरणं, थेंब मांडणं, रविवारी येऊन भ्रूण बघणं तिच्याच हाती. तिला पाहून मला जीन पर्डी आठवल्या. पहिल्या टेस्ट ट्यूब बाळाच्या वेळी भ्रूण विभागताना प्रथम पाहिला तो त्यांनी, प्रयोगशाळा सांभाळली त्यांनी, आणि रुग्णालयावरच्या पाटीवर नावं लागली दोन पुरुष डॉक्टरांची. पर्डींचं नाव पाटीवर यायला २०१५ उजाडलं, त्या १९८५ सालीच वारल्या होत्या.

त्या मुलीने सुनीताचं ऐकून घेतलं, आत गेली आणि वही घेऊन आली. फाईलच्या मागच्या कोऱ्या पुठ्ठ्यावर बॉलपेनने माध्यमाचं नाव, लॉट नंबर आणि मुदतीची तारीख लिहून दिली. म्हणाली, "आजवर कुणी विचारलंच नाही हो ताई." पेटी साधीच होती, एकवीस टक्क्यांची. तिसरा प्रयत्न करायचा की नाही हे सुनीताने अजून ठरवलेलं नाही.